वऱ्हाडच्या उन्हात द्रव मोजताना

महाराष्ट्रात देशी दारूच्या बाटलीवर आजही '25 यू. पी.' असं छापतात आणि शेजारी 42.8 टक्के हा आकडा असतो. अमरावतीत भौतिक रसायनशास्त्र शिकवताना मी घनतेचा पाठ या लेबलापासून सुरू करायची. वर्गात आधी खसखस पिकायची, मग पोरं वहीत आकडेमोड करायला लागायची. माझ्या मते वऱ्हाडात सेंद्रिय द्रव काटेकोरपणे मोजायला सुरुवात झाली ती कॉलेजात नव्हे, अबकारीच्या गुत्त्यात आणि गोदामात.

हिशेब असा. 51 अंश फॅरनहाइटला ज्या दारूचं वजन तेवढ्याच आकारमानाच्या ऊर्ध्वपातित पाण्याच्या बरोबर 12/13 भरतं, ती 'लंडन प्रूफ'. तिच्यात अल्कोहोल आकारमानानं सुमारे 57.1 टक्के असतं. त्याच्या पंचवीस टक्के खाली (अंडर प्रूफ, म्हणजेच यू. पी.) आलं की 42.8. ही मोजणी करायचं उपकरण म्हणजे साइक्सचा हायड्रोमीटर: पितळेचा पोकळ गोळा, वर चपटी दांडी, तिच्यावर रेघा, आणि खाली अडकवायला लहान लहान वजनं. इंग्लंडात 1816 साली कायद्यानं त्याला मान्यता मिळाली आणि ब्रिटिश हिंदुस्थानातल्या अबकारी खात्याचंही तेच प्रमाण उपकरण ठरलं. निजामाकडून 1853 साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आलं. मग मेळघाटातल्या मोहाच्या दारूवर कर बसायचा तो या पितळी गोळ्याच्या साक्षीनं.

आता यातला 51 अंशांचा आकडा बघा. सेल्सिअसमध्ये तो होतो साडेदहा. अमरावतीला एवढं तापमान मिळतं ते पौषातल्या एखाद्या पहाटे. मोहाची फुलं गळतात मार्च-एप्रिलात, तेव्हा सावलीतला पारा चाळिशीला टेकलेला असतो. गरम दारू फुगते, हलकी होते, हायड्रोमीटर तिच्यात जास्त बुडतो आणि दारू आहे त्याहून कडक वाटते. विसाऐवजी चाळीस अंशांना मोजली तर टक्केवारीत पाच-सहाहून जास्तच फरक पडतो. त्यामुळे हायड्रोमीटरच्या पेटीत थर्मामीटर असायचाच आणि बरोबर कोष्टकांचं पुस्तक. एका बाजूला तापमान, दुसऱ्या बाजूला दांडीवरची खूण, दोन्ही जिथे मिळतील तिथे खरी कडकी. तापमान लिहिल्याशिवाय द्रवाच्या घनतेला अर्थ नाही, ही गोष्ट सरकारी कारकुनाला कर वसूल करताना शिकावी लागली. आमच्या विषयाचं पहिलं पानही तेच आहे. या लेखात पुढे जे काही सांगणार आहे त्या सगळ्याच्या मुळाशी तापमानच आहे, कारण वऱ्हाडात ते मोजमापाची पाठ सोडत नाही.

अमरावतीत किंग एडवर्ड कॉलेज 1923 साली सुरू झालं. त्याच वर्षी नागपूर विद्यापीठ स्थापन झालं. पुढे कॉलेजचं नाव विदर्भ महाविद्यालय झालं, पण गावात त्याला व्ही.एम.व्ही. म्हणतात आणि रस्त्यालाही तेच नाव आहे. डॉ. पंजाबराव देशमुखांनी 1932 साली श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली आणि तिच्यामुळे शेतकऱ्यांची पोरं कॉलेजच्या पायऱ्या चढली. अमरावतीत, अकोल्यात, नंतर दर्यापूर, अंजनगाव, कारंजा, खामगाव अशा गावांतही विज्ञानाची कॉलेजं झाली. प्रत्येकात रसायनशास्त्राची एक लांबलचक प्रयोगशाळा, सागवानी टेबलं, ब्युरेटच्या रांगा. आणि कोपऱ्यातल्या काचेच्या कपाटात, कुलूप लावून, आर.डी. बॉटल आणि ओस्टवाल्डचा व्हिस्कोमीटर.

आर.डी. बॉटल म्हणजे पंचवीस मिलीलिटरची छोटी काचेची बाटली. तिच्या बुचातून केसाएवढं आरपार भोक असतं. बाटली काठोकाठ भरायची, बूच सोडायचं, जास्तीचा द्रव भोकातून वर येतो, तो टिपकागदानं टिपायचा. म्हणजे प्रत्येक वेळी आकारमान तेच राहतं. मग वजन. सांगायला एवढंच आहे, करायला बसलं की कळतं. बाटली बोटात धरली की हाताची ऊब तिला लागते आणि भोकाच्या तोंडाशी एक थेंब फुगून वर येतो. तो टिपला की बाटली थंड झाल्यावर आत पोकळी. ॲसिटोन एका अंशाला हजारात जवळपास दीड भागानं फुगतं. पंचवीस मिलीलिटरला एक अंश चढला तर सुमारे 28 मिलिग्रॅम द्रव बाहेर जातो, आणि तराजू तर मिलिग्रॅमचा दहावा हिस्सा दाखवतो. म्हणजे बाटली मानेला दोन बोटांनी, तीही रुमालातून धरायची. आमच्या प्रयोगशाळेत एक वयस्कर परिचर होते, सगळे त्यांना काका म्हणत. नव्या पोरानं वॉटर बाथमधून बाटली लवकर उचलली की ते दुरून ओरडत, "थांब ना बाप्पा, काहून घाई करतं? पाण्याची ऊब बाटलीच्या अंगात तर जाऊ दे!" वीस मिनिटं तरी थांबायचं. मी पुढे पुस्तकांत उष्णतेच्या समतोलावरची पानंच्या पानं वाचली. काकांच्या वाक्यात त्याहून कमी काही नव्हतं.

व्हिस्कोमीटर त्याहून नाजूक. यू आकाराची नळी, एका बाजूला फुगा, त्याखाली केशनळी, दोन खुणा. द्रव वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत उतरायला किती सेकंद लागतात ते घड्याळानं मोजायचं, पाण्याशी तुलना करायची. पाण्याची श्यानता 20 अंशांना 1.002 असते आणि 40 अंशांना 0.653, म्हणजे वीस अंशांत तिसरा हिस्सा गेला. केशनळीत धुळीचा एक कण अडकला तरी सगळे आकडे वाकडे. म्हणून आधी क्रोमिक ॲसिड, मग पाणी, मग ॲसिटोन, मग वाळवणं. क्रोमिक ॲसिडनं कोणाच्या साडीला, कोणाच्या पँटला भोकं पडली नाहीत असं वऱ्हाडातलं रसायनशास्त्राचं एकही घर मला ठाऊक नाही.

आता उन्हाचं. जगातली बहुतेक संदर्भकोष्टकं 25 अंश सेल्सिअसची असतात. युरोपातल्या प्रयोगशाळेत खोली असते अठरा-वीस अंशांची. पाणी थोडं तापवलं, तापमापकाला जोडलेला हीटर चालू-बंद होत राहिला की 25 मिळतात. आमच्याकडे मार्चपासून जूनपर्यंत खोलीच अडतीस-चाळीसची. वॉटर बाथ फक्त तापवतो, थंड करत नाही. 25 हवे असतील तर बर्फ टाकत बसा, आणि बर्फ टाकून तापमान अर्ध्या अंशातही स्थिर राहत नाही. म्हणून अमरावती-अकोल्याहून छापलेले निबंध चाळले की 303, 308, 313 केल्व्हिन हीच तापमानं पुन्हा पुन्हा दिसतात: 30, 35, 40 अंश. बाहेरच्या कोणाला तो योगायोग वाटेल. ज्यानं इथे मे महिन्यात वॉटर बाथपुढे उभं राहून काम केलंय त्याला लगेच कळतं की 25 च्या वरचं तापमान निवडण्यावाचून इलाज नव्हता.

खोलीचं तापमान द्रवांनाही सोडत नसे. ईथर 34.6 अंशांना उकळतं, म्हणजे एप्रिलच्या दुपारी अमरावतीत ते कपाटातच उत्कलनबिंदूच्या वर असतं. बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून, तोंड आपल्यापासून दूर धरून, बूच हळूहळू सैल करायचं, हे पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवायच्या आधी आम्ही स्वतः बघत उभे राहायचो. उलट थंडीत ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड, ज्याचा गोठणबिंदू 16.6 अंश, बाटलीत बर्फासारखं घट्ट होऊन बसे आणि सकाळच्या प्रॅक्टिकलला कोमट पाण्यात ठेवून ते पातळ करावं लागे. डायॉक्सेन 11.8 अंशांना गोठतं. कडाक्याच्या रात्रीनंतर खिडकीशी राहिलेल्या बाटलीत स्फटिकांच्या सुया दिसत. एकाच गावात, एकाच कपाटात, वर्षभरात द्रवाच्या दोन्ही सीमा पाहायला मिळतात, हे मला कायम मोठं भाग्य वाटत आलंय.

आणि कूलर. वऱ्हाडात कूलरशिवाय उन्हाळा जात नाही, पण वजनाच्या खोलीत तो लावता येत नाही. एक तर वाऱ्यानं तराजू हलतो. दुसरं म्हणजे वाळ्यातून येणारी हवा ओली असते, आणि शुद्ध अल्कोहोल ती ओल घटाघटा पितं. बाटली उघडी राहिली तेवढ्या वेळात त्याची घनता चौथ्या दशांशात सरकते. म्हणून उन्हाळ्यात वजनं करायची ती सकाळी, सूर्य वर यायच्या आत. 2005 नंतरच्या काही वर्षांत विदर्भात भारनियमन फार होतं, तेव्हा तर विजेचं वेळापत्रक भिंतीवर चिकटवून त्याप्रमाणे प्रयोग आखावे लागत. वॉटर बाथला स्थिर व्हायला तास लागणार आणि वीज दीड तासानं जाणार. त्यात मिळतील तेवढी वाचनं घ्यायची.

द्रव मोजायच्या या कामात आवाज कसा आला, ती गोष्ट मोठी आहे. 1826 साली कोलाडोन आणि स्टुर्म या दोघांनी जिनिव्हाच्या सरोवरात एका होडीतून पाण्याखाली घंटा वाजवली, त्याच क्षणी वर दारूगोळ्याचा उजेड केला, आणि दूर दुसऱ्या होडीत पाण्यात कर्णा बुडवून आवाज ऐकला. 8 अंशांच्या पाण्यात वेग आला सेकंदाला 1435 मीटर. न्यूटन आणि लाप्लास यांचं सूत्र त्याआधीच हाती होतं: वेगाच्या वर्गाला घनतेनं गुणून त्याचा व्यस्त घेतला की द्रव किती दाबला जातो ते कळतं. म्हणजे द्रव न दाबता, नुसता त्यातून आवाज पाठवून, त्याची संपीड्यता काढता येते. उष्मागतिकीतली ही एक राशी एवढ्या सहज हाती लागते, याचं मला शिकवताना दर वर्षी नव्यानं आश्चर्य वाटायचं.

घंटेच्या जागी क्वार्ट्झचा स्फटिक आला. 1880 साली क्यूरी बंधूंनी दाखवलं की क्वार्ट्झ दाबला तर त्यावर विद्युतभार येतो. उलट वीज दिली तर तो कंप पावतो. 1920 च्या दशकात हबर्ड आणि लूमिस यांनी असा स्फटिक द्रवाच्या भांड्याच्या तळाशी बसवून वेग मोजायचा इंटरफेरोमीटर केला. भारतात हे काम उचललं ते 1930 च्या दशकात. द्रवातल्या श्राव्यातीत लहरींमुळे प्रकाश कसा वळतो याचा सिद्धांत सी. व्ही. रामन आणि नागेंद्र नाथ यांनी 1935 च्या सुमारास मांडला आणि त्याच काळात बंगळुरूला एस. पार्थसारथी यांनी पन्नासेक सेंद्रिय द्रवांतला वेग मोजून काढला. 1940 साली कलकत्त्याच्या 'इंडियन जर्नल ऑफ फिजिक्स'मध्ये रामा राव यांनी दाखवलं की द्रवाचं रेणुभारी आकारमान आणि वेगाचं घनमूळ यांचा गुणाकार तापमान बदललं तरी जवळजवळ तसाच राहतो. 'राव स्थिरांक' हे नाव आज जगातल्या प्रत्येक ध्वनिरसायनाच्या पुस्तकात आहे. जपानच्या वाडा यांनी 1949 साली त्याला जोड दिली. आमच्यासारख्या, जागतिक प्रयोगशाळांपासून लांब असलेल्या लोकांना ही नावं फार जवळची वाटायची, कारण ती थोडक्या साधनांत झालेल्या कामाची नावं होती.

आमच्याकडे हे यंत्र आलं दिल्लीहून. मित्तल एंटरप्रायझेस नावाची कंपनी 2 मेगाहर्ट्झचा इंटरफेरोमीटर बनवायची. भारतातल्या शेकडो कॉलेजांत तोच आहे. एक पेटी, एक मीटर, आणि दुहेरी भिंतींचा धातूचा सेल. सेलच्या तळाशी सोन्याचा मुलामा दिलेला क्वार्ट्झ, वर सरकती चकती, चकतीला जोडलेला मायक्रोमीटर स्क्रू. सेलमध्ये दहा-बारा मिलीलिटर द्रव ओतायचा, बाहेरच्या भिंतीत वॉटर बाथचं पाणी फिरवायचं आणि स्क्रू हळूहळू फिरवायचा. चकती अर्ध्या तरंगलांबीनं वर गेली की मीटरचा काटा उसळतो, पुन्हा बसतो, पुन्हा उसळतो. 30 अंशांच्या पाण्यात वेग आहे सेकंदाला 1509 मीटर, म्हणजे तरंगलांबी पाऊण मिलिमीटर आणि उसळ्यांतलं अंतर 0.377 मिलिमीटर. वीस उसळ्या मोजायच्या, एकूण अंतराला विसानं भागायचं. कानाला काही ऐकू येत नाही. पण त्या काट्याकडे बघत असताना भांड्यातल्या द्रवात आवाजाच्या लाटा उभ्या राहिल्या आहेत हे डोळ्यांना कळतं, आणि पहिल्यांदा बघणाऱ्या पोरीचा स्क्रूवरचा हात थबकतो. मीही तशीच थबकले होते.

1 मे 1983 ला अमरावती विद्यापीठ स्थापन झालं. 2005 साली त्याला संत गाडगेबाबांचं नाव दिलं. विद्यापीठ होईपर्यंत वऱ्हाडातल्या माणसाला पीएच.डी. करायची तर नागपूरकडे बघावं लागे. आता ते अमरावतीत, घरच्या जिल्ह्यात करता येऊ लागलं. पण साधनं? न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्सचं यंत्र कोट्यवधीचं, त्याला द्रवरूप हेलियम लागतं. नमुने बाहेरगावच्या मोठ्या संस्थांत पाठवायचे आणि निकालाची वाट बघायची. घनता, श्यानता आणि ध्वनिवेग मात्र कॉलेजातल्या कपाटातल्या काचेवर आणि एका पेटीवर मिळत होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या छोट्या प्रकल्पाच्या रकमेत इंटरफेरोमीटर बसत असे. म्हणून हे काम इथे रुजलं. स्वस्त होतं म्हणून रुजलं, असं कोणी म्हटलं तर मी मान्य करीन आणि त्यात मला काही उणं वाटत नाही. जी विद्या थोडक्या पैशात खरं उत्तर देते ती आमच्यासारख्या गावांनी जपायचीच असते.

इथल्या कामाला एक खास वळण मिळालं. सेंद्रिय रसायनशास्त्राची माणसं चाल्कोन, पायराझोल, आयसोक्साझोलीन अशी नवी संयुगं बनवत होती. त्यातली बरीच औषधी गुणांसाठी तपासली जायची. ती पाण्यात विरघळत नाहीत. म्हणून सत्तर टक्के डायॉक्सेन आणि तीस टक्के पाणी असं मिश्रण घ्यायचं, त्यात ती विरघळवायची आणि मग घनता, श्यानता, वेग मोजून रेणू आणि द्रावक यांचं नातं शोधायचं. व्ही.एम.व्ही.च्या रसायनशास्त्र विभागातून निघालेल्या निबंधांत डॉ. एम. एल. नरवाडे यांचं नाव वारंवार दिसतं, आणि त्या निबंधांवर सहलेखक म्हणून आलेल्यांतले कितीतरी जण वऱ्हाडातल्याच कॉलेजांत शिकवणारे. बनवणारा आणि मोजणारा एकाच इमारतीत असणं ही अमरावतीची जमेची बाजू होती. डायॉक्सेन शुद्ध करायचं काम मात्र जीव खाणारं: उघड्या हवेत त्यात पेरॉक्साइड तयार होतात, ते काढल्याशिवाय ऊर्ध्वपातन करायला घेतलं तर स्फोटाचा धोका. शेवटी सोडियमच्या तारेवर उकळून जो भाग 101 अंशांना ठिबकेल तोच घ्यायचा. ताजं डायॉक्सेन काढायला लागलेला दिवस निबंधात एका ओळीत जातो.

शनिवारी अकोल्याहून, यवतमाळहून शिक्षक एस.टी.नं यायचे. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला व्हिस्कोमीटर, पिशवीत नमुन्यांच्या बाटल्या. दोन दिवस मोजायचं, सोमवारी परत तासाला. त्यांच्यात बायाही होत्या. घरचं आटोपून सातच्या गाडीनं येणाऱ्या. मी त्यांच्यासाठी प्रयोगशाळेची किल्ली घरी ठेवायची.

मोजून काय मिळालं, हे विचारलंच पाहिजे. साधं उदाहरण घ्या. पन्नास मिलीलिटर पाण्यात पन्नास मिलीलिटर अल्कोहोल ओता, शंभर भरत नाही. सुमारे 96 भरतं. ज्वारीच्या पायलीत तीळ ओतले की फटीत बसतात, त्यातलाच थोडा भाग इथे आहे, पण सगळा नाही, कारण भांडं हाताला गरमही लागतं. रेणू एकमेकांना धरतात, हायड्रोजन बंध बनतात. आवाजाचा वेग त्याहून विलक्षण: शुद्ध अल्कोहोलमधून आवाज पाण्यापेक्षा बराच सावकाश जातो, तरी पाण्यात थोडं अल्कोहोल घातलं की वेग कमी होण्याऐवजी वाढतो, पाण्याच्याही वर जातो, आणि मग उतरतो. पाण्याच्या रेणूंच्या जाळीत अल्कोहोल कसं शिरतं ते तो आलेख सांगतो. अबकारीच्या कारकुनानं कोष्टकातून जो द्रव मोजला त्याच द्रवाची ही आतली बाजू. ॲसिटोन आणि क्लोरोफॉर्म एकत्र केले तरी भांडं तापतं. दोघं वेगवेगळे असताना जे बंध नव्हते ते मिसळल्यावर होतात.

आणि 30, 35, 40 अंशांचे ते आकडे, जे आम्ही नाइलाजानं घेतले, त्यांची किंमत आहे. रंगाचा, औषधाचा, तेलाचा कारखाना अकोल्याच्या एम.आय.डी.सी.त 25 अंशांना चालत नाही. पंप, नळ, ऊर्ध्वपातनाचा मनोरा, सगळं आखताना लागते ती गरम द्रवाची घनता आणि गरम द्रवाची श्यानता. जर्मनीत डॉर्टमुंडला 1973 साली सुरू झालेल्या एका कोठारात जगभरच्या मिश्रणांचे असे आकडे साठवतात, अमेरिकेतही तसं काम चालतं; आणि कोठाराला फिकीर असते ती फक्त एकाच गोष्टीची, की मोजणाऱ्यानं नीट मोजलंय का.

इथे मला स्पष्ट बोलायचं आहे. मोजलेल्या राशी तीनच: घनता, श्यानता, वेग. बाकी सगळं गणित. संपीड्यता काढा, जेकबसनची मुक्त लांबी काढा, अण्णामलै विद्यापीठाच्या सूर्यनारायण यांच्या सूत्रानं अंतर्गत दाब काढा, ध्वनिरोध, शिथिलीकरण काळ, राव, वाडा. तीन आकड्यांतून डझनभर आकडे निघतात, आणि प्रत्येकाचा आलेख काढला की निबंध जाड होतो. 2010 साली अनुदान आयोगानं बढतीसाठी प्रकाशनांचे गुण मोजायला सुरुवात केली आणि असे निबंध पावसाळी गवतासारखे उगवले. त्यात मूळ तीन आकडे कधी शेवटच्या तक्त्यात, कधी नाहीतच. वेग 1509.24 असा दोन दशांशांपर्यंत छापलेला दिसतो तेव्हा मला वाईट वाटतं. मायक्रोमीटर वाचतो 0.01 मिलिमीटर; वीस उसळ्यांचं अंतर साडेसात मिलिमीटर; म्हणजे वाचनातच सेकंदाला दोन मीटरची शंका. ते दोन दशांश यंत्रातून आलेले नाहीत, कॅल्क्युलेटरमधून आलेले आहेत. असा एक निबंध दहा प्रामाणिक निबंधांवरचा विश्वास उडवतो, आणि तो विश्वास काकांसारख्यांनी वीस-वीस मिनिटं थांबून मिळवलेला असतो.

आता डिजिटल घनतामापक आलेत. काचेची बारीक यू नळी, तिच्यात एक-दोन मिलीलिटर द्रव, नळी कंप पावते आणि कंपनाच्या वेळावरून घनता पाचव्या दशांशापर्यंत मिळते. ऑस्ट्रियात 1967 साली हे तंत्र बाजारात आलं, वऱ्हाडात पोचायला फार उशीर झाला. त्याच्या पोटातच थंड-गरम करायची सोय असते, त्यामुळे भर मे महिन्यात अमरावतीत 25 अंश मिळतात, तेही हजाराव्या भागापर्यंत स्थिर. हे यंत्र मी हात लावून बघितलं तेव्हा आनंदच झाला. जुन्या कष्टांचं कौतुक करत बसून नव्या पोरांना आर.डी. बॉटलवरच ठेवावं असं मी कधीच म्हणणार नाही.

माझी काळजी वेगळी आहे. प्रबंध आता शोधगंगा या संकेतस्थळावर चढतात, सगळ्यांना दिसतात. पण प्रबंधात येतात ते शिजवलेले तक्ते. कच्चे आकडे प्रयोगशाळेच्या वह्यांत असतात, आणि विभागाची रंगरंगोटी निघाली, कपाटं हलली की त्या वह्या रद्दीत जातात. तीस-चाळीस वर्षांच्या, ऐन उन्हात घेतलेल्या वाचनांच्या वह्या. त्यातलं मिश्रण कदाचित पुन्हा कोणी बनवणारही नाही, कारण ते संयुग त्याच इमारतीत, त्याच पोरानं बनवलेलं होतं.

म्हणून काही माजी विद्यार्थिनी आणि मी मिळून हाती लागतील त्या वह्या संगणकावर उतरवतो आहोत. गणित केलेलं काहीच घेत नाही. घेतो ते एवढंच: बाटलीचं रिकामं वजन, पाण्यानं भरलेलं वजन, द्रवानं भरलेलं वजन, व्हिस्कोमीटरचे तिन्ही वेळचे सेकंद, सरासरी नव्हे, मायक्रोमीटरची पहिली आणि शेवटची खूण, द्रावक कुठून आला, कधी शुद्ध केला, वॉटर बाथचं तापमान, आणि कोणी लिहिलं असेल तर खोलीचंही. एका वहीत समासात पेन्सिलीनं '11.40 लाइट गेली' असं आहे. तेही आम्ही तसंच उतरवून घेतलं, कारण त्यापुढची दोन वाचनं का सरकली आहेत ते त्याशिवाय कोणाला कळणार नाही.